माणूस चुकीचा, कागद चोख

न्यूयॉर्कच्या एका क्लबात बेस वाजवणारा मॅनी बॅलेस्ट्रेरो विमा कचेरीत जातो. बायकोच्या दातांच्या उपचारांना तीनशे डॉलर हवे असतात आणि तिच्या पॉलिसीवर कर्ज मिळेल का, एवढंच त्याला विचारायचं असतं. काउंटरमागच्या बायकांना मात्र वाटतं, मागे इथं लूट करून गेला तो हाच. आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘द राँग मॅन’ (1956) या चित्रपटाची ही सुरुवात. गोष्ट खरी, 1953 सालची.

हा कृष्णधवल ‘नॉयर’, म्हणजे काळोखा गुन्हेपट, अंगावर येतो, कारण त्यात कुणी खलनायकच नाही. पोलीस मारत नाहीत. मॅनीला लुटलेल्या दुकानांतून चालवून दाखवतात, लुटारूची चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घेतात. एक शब्द तो नेमका लुटारूसारखाच चुकीचा लिहितो. फाईल भरत जाते, घरी बायकोचं मन ढासळत जातं. खरा चोर पुढच्या दुकानात पकडला जातो म्हणून मॅनी सुटतो.

मॅनीवरचा संशय योगायोगाचा होता. आपल्याकडे तो पुष्कळदा पत्ता ठरवून येतो. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या तेरखेडा गावाच्या परिसरात पारध्यांच्या पेढ्या, म्हणजे वस्त्या, आहेत. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण कुठं चोरी झाली की आधी पेढीची झडती, ही सवय उरली.

ती कुठवर नेते, हे नाशिकजवळच्या एका खटल्यात दिसलं. जून 2003 मध्ये एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतले सहा मजूर आरोपी ठरले. 2006 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली.

निकाल फिरला तो ओळखीवरून. वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार वेगळेच लोक दाखवले होते. त्यांचा तपास झालाच नाही. पुढे ओळख परेड झाली आणि तिचा कागद चोख निघाला. कायद्याने परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे, साक्षीदाराने कोर्टात पटवलेल्या ओळखीला तो केवळ आधार. पण मधल्या काळात चेहरा आधीच दाखवला गेला असेल, तर आठवण आणि सूचना यांतला फरक साक्षीदारालाही सांगता येत नाही.

म्हणून साक्षीदाराने कुणाला ओळखलं याइतकंच, आधी कुणाकडे बोट दाखवलं होतं, हेही बचावाच्या वकिलाला कळायला हवं. तपासात जमा केलेले, पण खटल्यात न वापरलेले जबाब आणि कागद यांची यादी आरोपीला द्यावी, असं 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नमुना नियमांतून सांगितलं. ती यादी खरोखर हाती पडते का, हे प्रत्येक खटल्यात विचारलं पाहिजे. मॅनीला नशिबाने सोडवलं. नाशिकच्या सहा जणांना अल्बममधल्या त्या पहिल्या ओळखीचा एक दडलेला कागद सोळा वर्षं आधी सोडवू शकला असता.