पाण्याच्या नळापासून विधेयकापर्यंत : मृणाल गोरे आणि आमदारकीचा उपयोग

मागच्या व्याख्यानात आपण राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं पाहिली. काम मिळण्याचा हक्क, निर्वाहापुरतं वेतन, समान कामाला समान वेतन, सार्वजनिक आरोग्य, हे सगळं घटनेच्या चौथ्या भागात आहे. पण अनुच्छेद ३७ सांगतो की ही तत्त्वं न्यायालयामार्फत बजावून घेता येणार नाहीत. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, की जे कोर्टात मागता येत नाही त्याला हक्क कशाला म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तत्त्वज्ञानातून देत बसण्यापेक्षा आज आपण एका लोकप्रतिनिधीचं काम बघू. गोरेगावच्या मृणाल गोरे, म्हणजे आपल्या ‘पाणीवाली बाई’.

१९२८ सालचा जन्म. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात उतरल्या. पती केशव गोरे १९५८ मध्ये गेले. पदरी लहान मुलगी. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. चरित्र एवढंच पुरे, कारण आपल्याला त्यांच्या कामाची रीत समजून घ्यायची आहे.

गोरेगावचा भाग १९५७ साली मुंबई महापालिकेत आला. कर महापालिकेचे झाले, पाणी मात्र आलं नाही. झोपडपट्टीला तर नाहीच नाही. प्रशासनाचा युक्तिवाद ऐकायला अगदी सरळ होता : वस्ती अनधिकृत आहे, नळ दिला तर वस्तीला मान्यता दिल्यासारखं होईल. आता यातली मेख बघा. जमिनीचा कायदा एक, पाणी पुरवण्याचं कर्तव्य दुसरं. या दोन गोष्टी एकमेकींत अडकवल्या की माणसाची तहानसुद्धा बेकायदा ठरते. मृणालताईंनी आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी हंडे घेऊन मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले, आणि त्याच वेळी सभागृहात प्रश्न विचारून प्रशासनाला लेखी बोलायला लावलं. हे ‘लेखी’ फार महत्त्वाचं. तोंडी आश्वासन मोर्चाबरोबर विरून जातं. सभागृहातलं उत्तर कामकाजात नोंदलं जातं, आणि पुढच्या वेळी तेच काढून समोर ठेवता येतं.

ही अडकवाअडकवी किती चिवट असते ते सांगतो. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने झोपडी अनधिकृत असली तरी तिथल्या माणसांना पाणी नाकारता येणार नाही असं म्हटलं, ते डिसेंबर २०१४ मध्ये. मृणालताई जुलै २०१२ मध्ये गेल्या होत्या.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. वर्ष दुष्काळाचं. धान्य, तेल, साखर, रॉकेल, सगळंच महाग, आणि महाग देऊनही मिळेना. याच वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, भाकपच्या तारा रेड्डी. ज्यांच्या पक्षांचं एरवी एकमेकांशी पटत नसे अशा बायका एकत्र आल्या. लाटणं हातात घेऊन निघालेले मोर्चे आणि थाळीनाद आजही जुन्या मुंबईकरांच्या लक्षात आहेत. लाटण्याची गंमत वाटते खरी, पण आमच्या मते या आंदोलनाचं खरं बळ मागणीच्या स्वरूपात होतं. ‘महागाई कमी करा’ ही मागणी कोणताही मंत्री मान्य करू शकतो, कारण तिला काही माप नाही. ‘रेशनवर माणशी इतकं धान्य, इतकं तेल, घरटी इतकं रॉकेल, आणि दुकानात ते अमुक तारखेला आलं पाहिजे’, ही मागणी पुरी झाली की नाही ते डब्यात डोकावून कळतं. स्वयंपाकघराचा हिशोब ठेवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

पुढे आणीबाणी. आधी भूमिगत, मग तुरुंग. १९७७ साली उत्तर मुंबईतून त्या लोकसभेत गेल्या, आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. दिल्लीचा हा काळ थोडकाच ठरला. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या, आणि इथे त्यांनी आमदाराकडचं एक दुर्लक्षित हत्यार वापरलं : अशासकीय विधेयक.

हे काय असतं? मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याला कायद्याचा मसुदा मांडता येतो. ते मंजूर होणं मात्र जवळपास अशक्य. संसदेत स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, त्यातलं शेवटचं १९७० साली. मग मांडायचं कशाला? कारण विधेयक मांडलं की सरकारला भूमिका घ्यावी लागते.

गर्भजलपरीक्षा मुळात गर्भातले आजार ओळखण्यासाठी आली आणि मुलगी आहे का ते बघण्यासाठी वापरली जाऊ लागली. १९८० च्या दशकात डॉ. संजीव कुलकर्णी यांच्या पाहणीत मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत असल्याचं आढळलं. स्त्री संघटना आणि काही डॉक्टर याविरुद्ध उभे राहिले, आणि मृणालताईंनी लिंगनिदानाच्या विरोधात अशासकीय विधेयक मांडलं. शेवटी सरकारने स्वतःचा कायदा आणला. १९८८ चा तो महाराष्ट्राचा कायदा, देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या कायद्यात खासगी केंद्रांना परवाना घेऊन तपासण्या चालू ठेवता येत होत्या. ती पळवाट आहे असं चळवळीतल्या बायका तेव्हाच बजावत होत्या. म्हणजे कायदा मिळाला, पण मागितलेला नव्हे. आमदाराच्या कामात हे वारंवार होतं, आणि जे मिळालं ते घ्यायचं की नाकारायचं हा निर्णय काही सोपा नसतो.

आता घराकडे वळू, कारण आमच्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात पक्कं काम तेच. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा असा : मुंबईत एका व्यक्तीकडे ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन असेल तर जास्तीची सरकारने घ्यायची, चौरस मीटरला जास्तीत जास्त १० रुपये भरपाई देऊन. पण कलम २० मध्ये सरकारला सूट देण्याचा अधिकार होता. त्या वाटेने बरीच जमीन कायद्यातून निसटून बिल्डरांकडे गेली. मुंबईत घराच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा असतो हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मृणालताई, प. बा. सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढली आणि म्हटलं, कायदा आहे ना? मग त्यातली जमीन ज्यांच्यासाठी घ्यायची होती त्यांनाच द्या. सभासद गोळा केले, सरकारशी आणि कोर्टात वर्षानुवर्षं झगडले. अखेर गोरेगावला दिंडोशीत ६२ एकर जमीन मिळाली आणि तिथे सुमारे सहा हजार घरं उभी राहिली, अल्प उत्पन्नाच्या माणसांची, सहकारी पद्धतीने.

तर त्या श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. ‘निवारा’ हा शब्द मार्गदर्शक तत्त्वांत शोधलात तर सापडायचा नाही. इथे कोर्टात जाता आलं ते अनुच्छेदाच्या जोरावर नव्हे, तर संसदेच्या एका साध्या कायद्यातल्या कलमांच्या जोरावर. आणि साधा कायदा साध्या बहुमताने जातोही. केंद्राने कमाल धारणा कायदा १९९९ मध्ये मागे घेतला, महाराष्ट्राने २००७ मध्ये. दिंडोशीची घरं आहेत. दुसरी दिंडोशी आज कोणाला उभारायची झाली, तर ज्या कलमावर बोट ठेवून जमीन मागायची ते कलमच राहिलेलं नाही.