अजब बंगल्यातलं वऱ्हाड

वऱ्हाडात, मुर्तिजापूर तालुक्यात राजनापूर खिनखिनी नावाचं गाव आहे. तिथं जैन धातुमूर्तींचा एक साठा सापडला. साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं ओतकाम. या मूर्ती पाहायच्या असतील तर मुर्तिजापुरात उतरून उपयोग नाही. गाडीत तसंच बसून राहायचं, बडनेरा, वर्धा मागं टाकायचं आणि नागपुरात सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय गाठायचं. ऑटोवाल्याला मात्र ‘अजब बंगला’ असंच सांगायचं.

हा बंगला १८६३ चा. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या काळात तो उभा राहिला. तेव्हा वऱ्हाडचा या बंगल्याशी काही संबंध नव्हता. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला होता आणि कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला, नागपूर आपली राजधानी झाली आणि कागदांबरोबर मूर्तींचाही रस्ता पूर्वेकडे वळला.

त्याला कायद्याचाही आधार होता. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं जुनं काही सापडलं, की ज्याला सापडलं त्यानं कलेक्टरला कळवायचं. नांगराच्या फाळाला काही लागलं की गावात आधी गुप्तधनाची कुजबुज, मग पाटील, मग तहसील, मग कलेक्टर, आणि शेवटी प्रांताचं संग्रहालय. एका अर्थानं हे बरंच झालं. नाहीतर पितळ-तांब्याच्या भावानं किती मूर्ती वितळल्या असत्या, याचा हिशेब कोण ठेवणार होतं?

अजब बंगल्यात गर्दी असते ती पेंढा भरलेल्या प्राण्या-पक्ष्यांपुढं. पोरं वाघापुढून हलत नाहीत. तलवारी-बंदुकांपाशीही माणसं रेंगाळतात. धातुमूर्तींपाशी मात्र पावलं उगाच लगबगीनं पुढं जातात. तिथं थांबावं. जैन मूर्ती पहिल्या नजरेत सगळ्या सारख्याच दिसतात, पण खुणा ठाऊक असल्या की एकेक ओळखू येते. डोक्यावर नागफणा तो पार्श्वनाथ, खांद्यावर केसांच्या बटा रुळतात तो ऋषभनाथ, मांडीवर मूल आणि हाती आंब्याची डहाळी ती अंबिका. अशी मूर्ती आधी मेणात घडवत. तिच्यावर मातीचे थर चढवून भट्टी दिली की मेण वितळून वाहून जाई आणि त्या पोकळीत रसरशीत धातू ओतला जाई. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागे, त्यामुळं तशीच दुसरी निघणं नाही.

मूर्ती गेल्या तसेच ताम्रपटही. अचलपूरजवळच्या चमक गावात १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट निघाला. तोही गावात राहिला नाही. राजानं एक हजार ब्राह्मणांना ‘भूमी’ या तेव्हाच्या मापानं आठ हजार भूमी इतकी जमीन दिली, पण अटी घालून: राज्याशी द्रोह करायचा नाही, चोरी-व्यभिचार करायचा नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. मोडलं तर जमीन परत घेतली जाईल आणि तसं केल्यानं राजा चोर ठरणार नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा दानलेख आजच्या सातबाऱ्याच्या भांडणात अडकलेल्या माणसालाही नीट कळेल.

वाशीमच्या ताम्रपटाची गोष्ट त्याहून मोठी. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला वाकाटकांचा लेख आधी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी आणि नंतर संस्कृतज्ञ ब्यूलर यांनी वाचला, पण झिजलेल्या अक्षरांत एका राजाचं नाव चुकलं. १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला. त्यातली वंशावळ संस्कृतात, पुढचा दानाचा व्यवहार प्राकृतात. त्या वंशावळीत सर्वसेन हे नाव स्पष्ट होतं. त्या आधारावर इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा लावला आणि वाकाटकांची वत्सगुल्म, म्हणजे वाशीमची, शाखा इतिहासात उभी राहिली. मुंबईच्या मोठ्या विद्वानांना जे दगडावरून उमगलं नाही, ते वाशीमच्या तांब्यानं सांगितलं. वऱ्हाडी माणसानं याचा थोडा माज करायला हरकत नाही.

मग वऱ्हाडात उरलं काय? जे उचलता आलं नाही ते. नरनाळा किल्ल्यावरची नऊगजी तोफ, तिथल्या महाकाली दरवाजाची कोरीव महिरप, गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावरचे सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड. यांना ना काच, ना पाटी. पाऊस मात्र मेळघाटाचा.

आणि उरलं ते, जे कुणी दिलं नाही. कारंजा लाडच्या जैन मंदिरांतले पोथ्यांची भांडारं तिथंच राहिली, कारण भट्टारकांच्या, म्हणजे जैन मठाधिपतींच्या, गाद्यांनी ती जपली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी तिथल्या अपभ्रंश पोथ्या अभ्यासल्या आणि ‘सावयधम्मदोहा’, ‘करकंडचरिउ’ असे ग्रंथ कारंजा जैन मालेतून छापून जगापुढं आणले. वस्तू गावातच ठेवूनही ज्ञान बाहेर जाऊ शकतं, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

राजनापूरच्या मूर्ती परत द्या, असं मी म्हणणार नाही. नागपुरात त्या सुरक्षित आहेत आणि चोरांच्या बाजाराचे भाव मला माहीत आहेत. पण ताम्रपटाचा ठसा घ्यायला कागद आणि शाई पुरते, मूर्तीचं चांगलं छायाचित्र एका दुपारीत निघतं. मुर्तिजापूरच्या एखाद्या शाळेच्या भिंतीवर पार्श्वनाथाचं छायाचित्र आणि अचलपूरच्या तहसील कचेरीत चमकच्या अटींचं मराठी भाषांतर लावायला कुठल्या कायद्याची आडकाठी आहे? कचेरीत तर ते लावावंच. जमिनीची कामं घेऊन रांगेत उभ्या असलेल्या लोकांना वाचायला वेळ भरपूर असतो.