वारशाचे स्पीकर – 7 : दोन ओहम गेले कुठे?

कंडेन्सर आज नाहीत. आज ते पाहू, असा मागच्या आठवड्यात शब्द दिला होता आणि फोमची कड वाळून तयार झाल्यावर तुमच्यातल्या अनेकांचे हात शिवशिवत असतील, याची मला कल्पना आहे. पण मधल्या दिवसांत सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आणि त्यातल्या एका ओळीपाशी मी थांबलो.

त्यांचे वडील डॉक्टर. सत्तरच्या दशकात काही वर्षं लीड्सला होते. परत येताना व्हार्फडेल स्पीकरांची जोडी घेऊन आले. वडील गेल्यानंतर ती जोडी माळ्यावरून खाली आली. कड शाबूत आहे, पेपर, म्हणजे स्पीकरचा कागदी शंकू, फाटलेला नाही. वडिलांच्या वहीत सुवाच्य अक्षरात नोंद आहे : आठ ओहम. ताईंनी मल्टीमीटर लावला, तर एका पेटीवर 6.1 आणि दुसरीवर 6.4 आलं. गावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं आकडे ऐकूनच निकाल दिला की कॉइल अर्धी गेली, दोन्ही वूफर, म्हणजे खालच्या सुरांचे मोठे स्पीकर, बदलून टाका. ताई विचारतात, "मग आमचे दोन ओहम गेले कुठे?"

ताई, कुठेही गेलेले नाहीत. ते वूफर कुणालाही काढू देऊ नका.

मल्टीमीटर मोजतो तो रोध. म्हणजे मीटरच्या सेलचा एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह तांब्याच्या तारेतून जाताना किती अडतो, तेवढंच. पेटीवर लिहिलेला आकडा असतो तो इम्पिडन्स. संगीताचा प्रवाह सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उलटसुलट होतो. त्याला होणारा एकूण अडथळा तो हा, आणि तो प्रत्येक सुराला वेगळा असतो. तुमच्या सांगलीकडच्या वाड्यातली बंगई आठवा. तिच्या स्वतःच्या लयीत असताना पायाच्या अंगठ्याचा धक्का पुरतो. वूफरचंही तसंच. त्याची अशी एक लय असते, पेटीत बसवल्यावर बहुधा पन्नास ते शंभर हर्ट्झच्या आसपास. तिथे पेपर अगदी थोड्या प्रवाहात झुलतो आणि झुलणारी कॉइल चुंबकात उलटा विद्युतदाब निर्माण करते. ॲम्प्लिफायरला तिथे आठ नव्हे, तीस-चाळीस ओहमही दिसू शकतात. त्या लयीच्या वर गेलं की आकडा झपकन खाली येतो, तांब्याच्या रोधाच्या जवळ टेकतो आणि पुन्हा हळूहळू चढतो. आठ ही या सगळ्या चढउताराला दिलेली ओळख आहे. प्रमाणसंकेत असा, की आकडा कुठेही त्या ओळखीच्या ऐंशी टक्क्यांखाली, म्हणजे 6.4 च्या खाली जाऊ नये. जुने कारखानदार इतकं काटेकोर पाळत असतच असं नाही.

म्हणून आठ ओहमच्या पेटीवर मीटर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमच्या पेटीवर तीन ते साडेतीन. 6.1 आणि 6.4 हे निरोगी आकडे आहेत. दोघांतला 0.3 चा फरकही काळजीचा नाही. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहा, वायरींचेच 0.2-0.3 ओहम असतात, ते वजा करायचे. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यानं वाढतो. वीस अंशांना मोजलेले 6.1 ओहम मे महिन्यातल्या चाळीस अंशांना 6.6 च्या घरात जातात. तेव्हा दोन्ही पेट्या एकाच दिवशी, एकाच खोलीत मोजाव्यात.

मीटर काय सांगत नाही, तेही लक्षात ठेवा. पेटीच्या मागच्या टर्मिनलवर मोजता तेव्हा तो फक्त वूफर पाहतो. वरचे सूर काढणाऱ्या ट्वीटरच्या वाटेत कंडेन्सर उभा असतो आणि तो मीटरचा प्रवाह पलीकडे जाऊच देत नाही. ट्वीटर पार जळालेला असला तरी मीटर निवांतपणे 6.1 दाखवेल. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली किंवा सोल्डर सुटला. एक-दोन ओहमच दाखवत असेल, तर मात्र ती पेटी ॲम्प्लिफायरला लावू नका.

व्हार्फडेलचं नाव निघालंच आहे, तर थोडं थांबतो. गिल्बर्ट ब्रिग्ज हा कापडाच्या धंद्यातला माणूस. पियानोचं वेड. 1932 साली यॉर्कशरमधल्या इल्कली गावी, राहत्या घराच्या तळघरात त्यानं आपला पहिला लाउडस्पीकर बनवला. इल्कली व्हार्फ नदीच्या खोऱ्यात आहे, म्हणून नाव व्हार्फडेल. ताईंचे वडील लीड्सला होते, तिथून ते गाव जवळच. पुढे 1954 साली याच ब्रिग्जनं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये हजारो श्रोत्यांपुढे प्रत्यक्ष वादन आणि त्याचंच ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकवलं. स्पीकर त्याचे होते, ॲम्प्लिफायर क्वाडच्या पीटर वॉकरचे. त्या काळच्या इंग्लिश स्पीकरांवर आठ नव्हे, 15 ओहम लिहिलेलं असे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असायचा, त्याला वेगवेगळ्या ओहमचे फाटे काढलेले असत आणि 15 चा स्पीकर त्याच्या फाट्यावर छान बसायचा. ट्रान्झिस्टर आले, ट्रान्सफॉर्मर गेला आणि आकडे आठ-चारकडे उतरले. तुमच्या आजोबांच्या पेटीवर 15 ओहम असेल, तर आजच्या आठ ओहमच्या ॲम्प्लिफायरला ती बिनधास्त लावा. आवाज थोडा कमी मिळेल, एवढंच. उलट चार ओहमची पेटी "8 ते 16 ओहम" लिहिलेल्या ॲम्प्लिफायरला लावू नका. आणि मागे ए आणि बी अशा दोन जोड्यांची सोय दिसली म्हणून दोन्ही एकदम सुरू करायचा मोह झाला, तर आधी पुस्तिका बघा. बहुतेक ठिकाणी त्या समांतर जोडलेल्या असतात. चार आणि चार मिळून तिथे दोन ओहम होतात.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकरशिवाय मोकळा चालवू नये आणि ट्रान्झिस्टरचा शॉर्ट होऊ देऊ नये. ज्यांच्या वारशात दोन्ही आलेत, त्यांनी हे वाक्य कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावं.

जोडणीचा विषय काढला की मला दादरचं मामाचं घर आठवतं. मी तेव्हा सहावीत होतो. मामानं हातानं बनवलेली सागवानी पेटी होती, आत आठ इंची स्पीकर. वायरीच्या टोकाला त्यानं दुकानात सहज मिळणारी टू-पिन लावली होती, तीच, जी टेबलफॅनला असते. ॲम्प्लिफायरच्या मागे तसाच सॉकेट. एका दुपारी मामेभावानं पिन सॉकेटमध्ये घातली, पण भिंतीवरच्या. एकदा घुर्र असा आवाज झाला आणि मग वार्निश जळल्याचा वास. 230 व्होल्टना सहा ओहमनी भागा : 38 अँपिअर, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ हजार वॉट. कॉइलची तार केसाएवढी. मामा संध्याकाळी आला, पेपरवर बोटं ठेवून पेपर आत दाबून पाहिला. खरखर लागली. तो काही बोलला नाही, पण पेटी कित्येक महिने तशीच भिंतीशी उभी होती.

अशी टू-पिन लावलेले जुने स्पीकर मी आजही पाहतो. वारशात आले असतील, तर आजच्या आज ती पिन कापून फेका. स्पीकर जळेल हे तर आहेच, पण वायरीचं दुसरं टोक उघडं असताना कुणी पिन भिंतीत खुपसली, तर हातात येणारी तार 230 व्होल्टची असेल. युरोपी स्पीकरांना एक चपटी आणि एक गोल पिन असलेला छोटा प्लग असतो, तो मात्र कापू नका. तो डिन प्लग. त्यात गोल पिन धन, चपटी ऋण. लाल-काळ्या वायरीचा एक तुकडा सोल्डर करून घेतला की काम झालं.

आता ताईंच्या पत्रातली दुसरी गोष्ट. वडिलांचा ॲम्प्लिफायरही सोबत आलाय आणि तो वीस वर्षं चालू केलेला नाही. माझ्या अनुभवात माळ्यावरून उतरलेल्या स्पीकरला खरा धोका असतो तो सोबत उतरलेल्या ॲम्प्लिफायरचा. त्यातला एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर आरपार शॉर्ट असेल, तर संगीताऐवजी तीस-चाळीस व्होल्टचा थेट प्रवाह स्पीकरात शिरतो. तीस व्होल्ट, सहा ओहम, दीडशे वॉट. पेपर खाडकन एका बाजूला ढकलला जाऊन तिथेच अडकतो आणि काही सेकंदांत कॉइल काळी पडते.

म्हणून अशा ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरची सुरुवात स्पीकर अजिबात न जोडता करायची. कुठल्याही जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे सिरीज बोर्ड असतो : शंभर वॉटचा पिवळा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. ॲम्प्लिफायर त्या सॉकेटवर लावा, आवाजाची कळ शून्यावर. बल्ब भक्कन पेटून हळूहळू मंद झाला, तर आतले मोठे कंडेन्सर चार्ज झाले, ठीक आहे. पूर्ण उजेडानं पेटूनच राहिला, तर आत शॉर्ट आहे. बंद करा आणि जाणकाराकडे न्या. मंद झाला तर स्पीकरच्या जागी सिमेंटचा पांढरा रेझिस्टर, आठ ओहम, दहा वॉटचा, लावा आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर डीसी मिलिव्होल्टवर धरा. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, मग बल्ब काढून थेट लाइनवर पुन्हा मोजा. आकडा पन्नास मिलिव्होल्टच्या आत राहिला, तर मी स्वतःचे स्पीकर लावतो. शंभरच्या पुढे असेल तर आधी दुरुस्ती. व्होल्टांत असेल तर चर्चाच नको.

मग खरा क्षण. दीड व्होल्टचा साधा सेल घ्या, धन टोक लाल टर्मिनलला, ऋण काळ्याला, निमिषभरच टेकवा. टक्क असा आवाज येतो आणि वूफरचा पेपर किंचित बाहेर सरकतो. दोन्ही पेट्यांत पेपर एकाच दिशेला हलला पाहिजे. जुन्या जेबीएलवाल्यांनी घाबरू नये. त्या कंपनीत कित्येक वर्षं लाल टर्मिनलला धन दिलं की पेपर आत जायचा. जोडी आपसात जुळली की झालं. सेल सुट्या ट्वीटरवर टेकवायचा नाही.

एवढं ताईंना सविस्तर लिहून पाठवलं. परवा उत्तर आलं. बल्ब मंद झाला, एका बाजूला 18 मिलिव्होल्ट, दुसरीकडे 31. दोन्ही पेपर बाहेर आले. वडिलांच्या संग्रहातली पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा आई स्वयंपाकघरातून हात न पुसताच बाहेर आल्या, असं त्यांनी लिहिलंय. त्याच पत्रात खाली ताजा कलम आहे. पुठ्ठ्याची नळी कानाला लावून त्यांनी प्रत्येक ट्वीटर वेगळा ऐकला. डावा छान बोलतो. उजवा अगदी क्षीण, शेजारच्या घरातून आल्यासारखा.

ताई, तो उजवा ट्वीटर अजून काढू नका. पुढच्या आठवड्यात त्या पेटीचं मागचं झाकण उघडू आणि आधी कंडेन्सर पाहू.