मेलेल्या कावळ्यांची नोंद

१९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कावळे मरून पडू लागले. ऑगस्टमध्ये तेथील रुग्णालयात मेंदूज्वराचे रुग्ण आले. शासकीय निदान झाले ते सेंट लुइस मेंदूज्वराचे. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातील रोगनिदानतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना मात्र ते पटेना. तो विषाणू सहसा पक्ष्यांना मारीत नाही. येथे तर फ्लेमिंगोही मरत होते. पण माणसांची नोंद एका खात्याकडे होती आणि पक्ष्यांची दुसऱ्याकडे. सप्टेंबरअखेर उलगडा झाला, तो वेस्ट नाइल विषाणू होता. त्या वर्षी ६२ जणांना गंभीर लागण झाली. ७ जण दगावले.

आम्ही सॉफ्टवेअर अभियंते याकडे पाहतो, तेव्हा एकमेकांना न जोडलेले दोन तक्ते दिसतात. पुढे २००० साली उभ्या राहिलेल्या ‘आर्बोनेट’मध्ये माणूस, पक्षी, डास यांच्या नोंदी एकत्र येऊ लागल्या. मॅडिसनच्या राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्राच्या ‘व्हिस्पर्स’ या प्रणालीत कोणती प्रजाती, कुठे, केव्हा, किती संख्येने मेली आणि निदान काय झाले, हे विविध संस्था नोंदवतात.

हा धडा आपल्याकडेही जुना आहे. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात आधी माकडे मेली, मग माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो विषाणू शोधला. २०१६ मध्ये हाच ‘माकडताप’ सिंधुदुर्गात आढळला. मेलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी भोवताली पसरतात. म्हणून माकड पडल्याची वार्ता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोहोचणे हाच गावाचा बचाव.

ती वार्ता प्रथम कुणाला कळते? काजूच्या बागेतल्या मजुराला, सरपण वेचणाऱ्या बाईला, वनरक्षकाला. मेलेली जनावरे ओढण्याचे काम आमच्या आजोबा-पणजोबांवर लादले गेले होते. साथीची पहिली चाहूल त्यांनाच लागत असणार. पण त्यांना कुणी विचारले नाही, त्यांचे कुणी लिहून घेतले नाही. म्हणून प्रणाली रचताना आम्ही आग्रह धरावा, तो असा: साध्या फोनवरून मराठीत नोंद करता यावी, नोंदवणाऱ्यास तपासणीचा निकाल कळावा आणि मेलेल्या जनावराला हात लावण्याची सक्ती कुणावरही नसावी. माहिती वाटून घ्यायची, तर ती ज्याने दिली त्याच्यापर्यंतही परतली पाहिजे.