जुन्या माळवदाची डागडुजी आणि दावणीची जनावरे

शहरातील मनुष्य घर दुरुस्तीस काढतो तेव्हा दारास कुलूप लावून चार महिने नातलगांकडे जाऊन राहतो. आम्हां शेतकऱ्यांस ती सोय नाही. गाईची धार सकाळ-संध्याकाळ काढावीच लागते, बैलास वैरण टाकावीच लागते, आणि अंड्यावर बसलेली कोंबडी एकवीस दिवस पुरे झाल्यावाचून उठत नाही. सबब जुने घर नीट करणे आणि त्याच घराच्या आसऱ्याने जनावरे वाढविणे, ही दोन्ही कामे आम्हांस एकाच वेळी करावी लागतात. कंधार तालुक्यातील आमच्या आखाड्यावर हा प्रसंग आम्हांवर आला. त्यात जे साधले व जे चुकले, ते वाचक बंधूंपुढे ठेवणे आमचे कर्तव्य होय असे आम्ही समजतो.

आमचे घर निजामी अमदानीतील आहे. दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचे माळवद, अशी नांदेड-लातूरकडील जुन्या घरांची जी सर्वसाधारण रचना, तीच त्याची आहे. दर्शनी ढाळजेत दोन लाल कंधारी बैल, तीन गाई व एक देवणी कालवड बांधलेली असे. जिन्याखाली तीस-चाळीस गावरान कोंबड्यांचे खुराडे होते. वैशाखातील उन्हात आत शिरावे तर विहिरीत उतरल्यासारखा गारवा वाटे. अशा घरास कोणी नावे ठेवली असती तर आम्हीच त्याच्याशी भांडलो असतो.

परंतु १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला व त्याचा हादरा नांदेड-परभणीपर्यंत पोहोचला. आमच्याकडे भिंत पडली नाही, जनावर दगावले नाही. मात्र किलचणीच्या फटींतून गव्हाणीत पाटीभर माती गळली, आणि बैल दावे ताणून उभे राहिले. त्याच वर्षी २१ मार्चलाही असाच हादरा बसला होता. त्या दिवशी आम्ही प्रथमच आपल्या डोक्यावर काय आहे याचा हिशेब मांडला.

माळवद कसे जड होते

माळवद मुळात हातभर जाडीचे घातलेले असते. पुढे पावसाळ्यापूर्वी ते गळू नये म्हणून दरसाल त्यावर नवी माती टाकतात. जुनी माती उतरविण्याची रीत मात्र कोठेच नाही. अशा रीतीने दोन पिढ्यांत थर वाढत जातो व घरातील कोणासही त्याची दाद लागत नाही. आम्ही पन्हळीजवळ पहारीने छिद्र पाडून मोजले तेव्हा थर पुरा दोन फूट भरला.

आता हिशेब पाहा. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा छतावर दोन फुटांचा थर म्हणजे २०० घनफूट माती झाली. एका घनफुटास ४५ किलो धरले तरी ९,००० किलो वजन झाले. चांगल्या पोसलेल्या बैलाचे वजन ४५० किलो धरल्यास एवढ्याशा जागेवर वीस बैल उभे केल्यासारखे झाले! ज्या छताखाली आम्ही मुलेबाळे घेऊन निजत होतो, त्यावर इतके ओझे आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते.

आमच्या घरी आत्याबाई वडील आहेत. माळवदाची माती उतरविणे म्हणजे घराची लक्ष्मी उतरविणे, असे त्यांचे म्हणणे होते व त्या काही केल्या ऐकेनात. वीस बैलांचा हिशेब त्यांस सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "किल्लारीला हेच झालं व्हतं का रे?"

होय, हेच झाले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून लोक परत येऊन निजले असता, पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यातील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने ती फार नव्हे. तरी लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे प्राणांस मुकली. हा प्रदेश त्या वेळी भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यात गणला जाई. माणसे मेली ती मुख्यतः दगडांच्या जाड भिंती व माळवदाची माती अंगावर येऊन. कित्येक ठिकाणी मात्र भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. ही गोष्ट फार ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोष आमच्या सुतारकामाचा नव्हता. तो भिंतीच्या बांधणीचा व छतावरील ओझ्याचा होता.

पुढे शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसविली व इतर हजारो घरे जागच्या जागी मजबूत करण्याचे काम हाती घेतले. नव्या वसाहतींत घरे पक्की झाली. परंतु गुरांची, कडब्याची व अवजारांची जागा अपुरी पडली, आणि लोकांस पुढे स्वतःच गोठे जोडावे लागले. यावरून आम्ही असा बोध घेतला की, शेतकऱ्याच्या घराची आखणी गोठ्यापासून सुरू झाली पाहिजे.

आधी गोठा, मग घर

दिवाळीनंतर पावसाची भीती सरली तेव्हा आम्ही कामास हात घातला. पहिले काम भिंतीचे नव्हे, जनावरे हलविण्याचे केले. घरापासून पन्नास पावलांवर उंचवट्याची जागा पाहून लाकडी मेढी रोवल्या, तुराट्यांचे कूड उभे केले व वर कडब्याचे छप्पर घातले. मोठ्या जनावरामागे चाळीस चौरस फूट जागा धरली आणि मूत्र वाहून जावे म्हणून मुरुमाच्या जमिनीस थोडा उतार दिला. जुन्या दावणीत जे जनावर ज्याच्या शेजारी असे, तोच क्रम नव्या दावणीतही ठेवला. तरीही पहिले आठ दिवस गाई बावरल्या व दूध कमी झाले. नंतर त्या रुळल्या. स्थलांतराच्या या गडबडीत लसीकरण चुकू देऊ नये. २०२२ साली लम्पी रोगाने महाराष्ट्रात जो कहर केला तो आमच्या विस्मरणात गेलेला नाही. घटसर्प व फऱ्या यांची लस तर पावसाळ्यापूर्वी टोचलीच पाहिजे.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. दुरुस्तीच्या जागी खिळे व तारेचे तुकडे पडतात. गाय-बैल वैरण न चावता गिळतात, तेव्हा खिळा पोटात जातो व पुढे हृदयापर्यंत रुतून जनावर दगावते. आम्ही रोज संध्याकाळी दोरीस लोहचुंबक बांधून अंगणात फिरवीत असू; एकाही दिवशी तो रिकामा आला नाही. भिजत घातलेला चुना व जुन्या तेलरंगाच्या खपल्या यांपासूनही वासरांस दूर ठेवावे. वासरू भिंत चाटते आणि त्या रंगातील शिसे विषारी असते.

ओझे उतरविणे व भिंत बांधून घेणे

माती उतरविताना खालून तुळयांस तात्पुरते टेकू दिले. एकाच बाजूची माती काढीत गेल्यास छत कलते, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी व पातळ थरांनी माती काढली. ती भिंतीच्या पायाशी टाकली नाही. तेथे ओल धरते. चाळून निम्मी गिलाव्यासाठी ठेवली आणि बाकीची शेतात पसरली.

मग खांब तपासले. तळखड्यावर टेकलेल्या दोन खांबांचे बुड वाळवीने पोखरले होते. तेवढा भाग कापून नवे लाकूड सांधले. खांब व तुळई यांच्या कोनात दोन्ही बाजूंस तिरप्या धिऱ्या ठोकल्या. त्यामुळे हादऱ्यात सांगाडा एका अंगास झुकत नाही.

आमच्या दगडी भिंतींतील खरा दोष आत असतो. बाहेरून एक थर, आतून एक थर व मधे दगडगोटे व मातीची भर, अशी ती भिंत असते. दोन्ही थरांस एकत्र धरणारे आरपार दगड बहुधा नसतात, म्हणून हादरा बसताच दोन्ही थर फुगून सुटे होतात. लातूरच्या आपत्तीच्याच वर्षी, १९९३ साली, अशा बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ व दुरुस्तीसाठी भारतीय मानक १३९३५ प्रसिद्ध झाले. आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरवर व लांबीत फार तर १२० सेंटिमीटरवर असावेत, असा त्यांचा रोख आहे. जुन्या भिंतीत एका वेळी एकच दगड हळूच काढून आरपार भोक पाडावे, त्यात लोखंडी सळई घालून काँक्रीट भरावे, व ते घट्ट झाल्यावरच पुढच्या भोकास हात घालावा. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून आतून-बाहेरून लोखंडी जाळी व सिमेंटचा पट्टा साऱ्या घरास कमरपट्ट्याप्रमाणे फिरवावा. हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीवाचून करू नये. पट्टा सोडून इतरत्र सिमेंटचा गिलावा देण्याचा मोहही टाळावा. मातीच्या भिंतीची ओल त्यामुळे आत कोंडते व गिलावा सुटून पडतो. आम्ही तेथे माती, भुसा व शेण यांचाच गिलावा केला.

नवे माळवद आठ इंचांचे घातले. किलचणीवर पाणी न झिरपणारा जाड कागद अंथरला, वर माती चोपली व पन्हळींकडे पुरेसा उतार दिला. पूर्वी जेथे वीस बैल उभे होते तेथे आता सहा-सात उरले. गारवा थोडा कमी झाला हे खरे. त्यासाठी वरून पांढऱ्या चुन्याचा हात दिला. पत्र्याच्या घरात दुपारी बसून पाहिलेल्या मनुष्याची आमच्या गारव्याविषयी तक्रार राहणार नाही.

जनावरांस मात्र आम्ही पुन्हा ढाळजेत आणले नाही. तात्पुरत्या गोठ्याच्याच जागी तीन फूट उंचीची भिंत, वर मोकळी हवा व हलके छप्पर असा कायमचा गोठा केला. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची रीत आहे. ती सोडून पत्रे आकड्यांनी जखडले. जुन्या भिंतींच्या फटी गोचिडांची घरेच होती. नव्या गोठ्यात फटी नाहीत, आणि उरलेले गोचीड कोंबड्या वेचतात.

कोंबड्यांविषयी आमची चूक

खांबांस वाळवीचे औषध लावले त्या दिवशी कोंबड्या मोकळ्याच होत्या. वाळवी हे कोंबडीचे आवडते खाद्य; पिलांस आम्ही स्वतःच ती आणून घालतो. औषधाने तडफडत बाहेर आलेली वाळवी त्यांनी टिपली आणि सकाळपर्यंत सात कोंबड्या मेल्या. त्यांत दोन तर पिलांच्या होत्या. औषधाच्या डब्यावर सूचना होती. आम्ही ती वाचली नव्हती. दोष सर्वस्वी आमचा. असे काम असेल तेव्हा कोंबड्या निदान काही दिवस डालग्याखाली वा जाळीत कोंडाव्यात आणि मेलेली वाळवी झाडून पुरून टाकावी.

नवे खुराडे आम्ही जमिनीपासून तीन फूट उंच, जाळीचे व कोंबडीमागे दोन चौरस फूट जागेचे केले; त्यामुळे मुंगूस व रानमांजर यांचा उपद्रव थांबला. मानमोडीची पहिली लस पिलांस पाचव्या ते सातव्या दिवशी व पुढची आठव्या आठवड्यात देतो. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळील मुरुंबा येथे व जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथील कावळ्यांत बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून दाणा-पाणी उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवतो.

वाचकांस विनंती

मे २०२५ अखेर, मृगापूर्वी, आमचे काम पुरे झाले. जुने घर पाडण्याची आम्हांस गरज पडली नाही, याचे समाधान वाटते. तुमच्याही गावी अशी घरे आहेत. कृपा करून एकदा माळवदावर चढून पन्हळीजवळ थराची जाडी मोजा, घनफुटास ४५ किलोप्रमाणे गुणा, आणि खाली कोण निजते ते पाहा. पुढील साली माळवदावर मातीची एक पाटी चढवाल तर आधी जुन्या मातीची एक पाटी उतरवा. आत्याबाई आता शेजाऱ्यांस हेच सांगत असतात.