घरपट्टीच्या पावतीवरचं नाव

मैत्रिणींनो, घरपट्टीची पावती तुम्ही कधी नीट वाचली आहे का हो? मी लग्नानंतर कितीतरी वर्षं वाचली नव्हती. शिपाई दारात यायचा, पैसे मीच द्यायचे (तेही पिठाच्या डब्यातले!), पावती मीच घ्यायची आणि देवघराच्या फळीखाली सारून द्यायची. तिच्यावर नाव मामंजींचं. मामंजी २०११ मध्ये गेले, त्यानंतरही नाव त्यांचंच. घर त्यांनी बांधलेलं, नाव त्यांचं. त्यात खटकावं असं काय होतं?

आमचं गाव मानवत तालुक्यातलं, परभणी जिल्हा. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढं कळेलच.

मामंजींना मुलगे तीन, लेक एक. आत्याबाई मामंजींच्या आधीच गेलेल्या. सगळ्यांत धाकटे भाऊजी २०१५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेले. मागं बायको आणि दोन लहान लेकी. धाकटी जाऊ वर्षभर पालमकडं माहेरी राहिली आणि मग लेकींच्या शाळेसाठी परत आली. घराच्या उत्तरेकडच्या दोन पत्र्याच्या खोल्या, तिथं ती राहायची. मजुरीला जायची, सणाला आमच्याकडं पोळ्या लाटायला यायची. भांडण नाही, तंटा नाही.

२०१७ मध्ये घराच्या वारसाची नोंद करायचं निघालं. आमच्याच ओसरीवर कागद लिहिला गेला. नणंदबाईंकडून हक्कसोडपत्र घेतलं, एका साडीवर. आणि राहिलेल्या वाटेकऱ्यांत दोनच नावं घातली, थोरले भाऊजी आणि हे. धाकटीचं काय, असं कुणीतरी एकदा विचारलं. “तिला कोण काढायलंय? राहू दे की. उद्या लेकींची लग्नं झाल्यावर तिला तरी घर कशाला लागतंय?” असं थोरले भाऊजी म्हणाले आणि विषय संपला. त्या वेळी मी आत होते. सगळं ऐकत होते. चहा मीच केला होता.

हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आधी सांगून टाकलं.

जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. आमच्या वार्डात जागा बायकांसाठी राखीव होती, म्हणून मी उभी राहिले, म्हणजे मला उभं केलं, आणि निवडून आले. पहिलं वर्षभर मीटिंगला हेच जायचे. माझ्याकडं प्रोसिडिंग बुक सहीपुरतं यायचं. तुमच्यातल्या कितीतरी जणींना हे नवीन नसेल. आपल्या राज्यात २०११ पासून पन्नास टक्के जागा बायकांना आहेत, पण खुर्चीवर बसायला घरातलं कुणीतरी आधीच गेलेलं असतं!

मग तालुक्याला महिला सदस्यांचं प्रशिक्षण झालं. तिथं मात्र ह्यांना जाता येईना. दोन दिवस मी एकटीच एस.टी.नं गेले-आले. तिथं शिकवायला आलेल्या ताईंनी २० नोव्हेंबर २००३ चं एक शासन परिपत्रक वाचून दाखवलं. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीत पती आणि पत्नी दोघांच्या नावानं करावी, असं त्यात होतं. मी वहीत लिहून घेतलं. २००३! म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीचं! ज्या घरात मी नवी नवरी म्हणून माप ओलांडून आले, त्या घरावर माझं नाव लावायची सोय तेव्हाच होऊन बसली होती. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

येताना एस.टी.त आईची आठवण आली. माझं माहेर सेलू तालुक्यातलं. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्याला आई गेली होती. सेलूहून रेल्वेनं मनमाड आणि तिथून चांदवड. भाकरी बांधून घेतलेल्या, तीन दिवस घराबाहेर. पुढं शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ सुरू केली. शेतकऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करून द्यायची. ज्या गावात शंभर जण असं करतील त्या गावाला ते स्वतः जायचे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरनं तर ते करून दाखवलं. आमच्या गावात काही झालं नाही. आईचा लाल बिल्ला तिच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होता, सातबारावर मात्र बाबांचंच नाव.

असो. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, की आता मीटिंगला मी जाणार. ते हसले. पण अडवलं नाही, हे खरं.

आमच्याकडं महिला सभा म्हणजे काय असायची सांगू? शिपाई प्रोसिडिंग बुक काखेत मारून घरोघर फिरायचा.

“काकू, इथं सही करा.”

“कशाची रे?”

“महिला सभेची.”

“कधी झाली?”

“आत्ताच झाली.”

झाली सभा! ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, हे ग्रामपंचायतीच्या कायद्यात लिहिलेलं आहे. तिथं ठरलेले विषय ग्रामसभेत घ्यायचे असतात. मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना म्हटलं, या वेळी सभा खरी होऊ द्या. भले माणूस, “तुम्ही बायका जमवा, मी बसतो” म्हणाले.

२५ जानेवारी २०२३, दुपार, शाळेचा वऱ्हांडा. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन आणि ग्रामसभा. कामाचे दिवस असल्यामुळं मजुरीच्या बाया चारनंतर आल्या, कुणाच्या पदराला कापसाची बोंडं चिकटलेली, तशाच. तीसेक जणी झाल्या. आधी पाण्याचं निघालं, मग नाल्याचं, मग रेशनचं. त्यावर तासभर गेला, आणि जायलाच पाहिजे होता. मग मी उठले, वही काढली आणि घर दोघांच्या नावानं करायचं परिपत्रक समजावून सांगितलं. बायका ऐकत होत्या. एक म्हातारी म्हणाली, “माय, आमचं काय आता? आमच्या नावानं आता गोवऱ्याच रचायच्या.” हशा पिकला. मला वाटलं, चाललं आहे छान.

तेवढ्यात मागून धाकटी उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. भरल्या सभेत मला म्हणाली,

“अक्का, ठराव चांगला हाय. ज्यांचे मालक हायेत त्यांचं नाव लागंल. पन माहं काय? माह्या मालकाचंच नाव तुम्ही लावलं नाही, मंग माहं कशाला लागतंय?”

वऱ्हांडा गप्प. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी मोठ्यानं बोललं होतं. थोरल्या जाऊबाई तिथंच बसलेल्या, खाली मान घालून. मला काय उत्तर द्यावं सुचेना. भाऊसाहेबांनी पेन थांबवलं होतं. ते माझ्याकडं बघत होते, हे लिहू का नको म्हणून.

“लिहा,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

दोन विषय लिहिले गेले. घरांवर पती-पत्नीची नावं लावणं, हा एक. ज्या घरांत विधवा बाईचं नाव वारसांतून राहून गेलं, तिथं ते लावणं, हा दुसरा.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत चेष्टा झाली, ती व्हायचीच. “उद्या बायकोनं घराबाहेर काढलं तर कुठं जावं बाप्पा?” “मारुतीच्या पारावर!” पण ठराव झाला. नवऱ्यांच्या जिवावर आला तो पहिला विषय. दुसऱ्यावर कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, उठायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, “भर सभेत घराचं वाभाडं काढलंस.” मी म्हटलं, “वाभाडं २०१७ मध्ये निघालं. मी तेव्हा चहा करत होते.” आणि मग मला रडू आलं, ते ह्यांच्यावर रागावून नव्हे, माझ्यावरच.

कायदा काही अवघड नव्हता हो. मामंजी गेले तेव्हा धाकटे भाऊजी हयात होते. म्हणजे त्यांचा वाटा तेव्हाच झाला होता. ते गेल्यावर तो वाटा त्यांच्या बायकोचा आणि लेकींचा. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, त्यात नवऱ्याच्या वाट्यावर बायको पहिल्या वर्गाची वारस आहे. कुणाच्या दयेचा प्रश्नच नव्हता. पण आपल्याकडं ‘राहू दे की’ म्हणणं म्हणजे मोठं उपकार वाटतं. राहू देणाऱ्यालाही आणि राहणारीलाही.

शेवटी ह्यांनीच अर्ज दिला. धाकट्या भावाचे वारस राहून गेले, त्यांची नोंद व्हावी, असा. धाकटीनं मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड जोडलं. ग्रामपंचायतीनं नोटीस लावली. थोरल्या भाऊजींनी पारावर बसून पुष्कळ हरकती घेतल्या, लेखी एकही दिली नाही. मासिक सभेत नोंद मंजूर झाली.

एवढ्यानं भागत नव्हतं. धाकटीचं नाव २०१८ च्या सर्वेक्षणात प्रधानमंत्री आवास योजनेच्या यादीत आलं होतं, पण ‘जागा स्वतःच्या नावे नाही’ म्हणून घरकुल अडकलं होतं. सामायिक नोंद झाली तरी तिच्या खोल्यांची जागा वेगळी दाखवायला तिन्ही वाट्यांची संमती लागत होती. इथं थोरले भाऊजी अडून बसले. सात-आठ महिने. दिवाळीला आले नाहीत, पाडव्याला आले नाहीत. ह्यांचं आणि त्यांचं बोलणं तुटलं, आणि भाऊ-भाऊ तुटल्याचं खापर गावानं कुणाच्या डोक्यावर फोडलं हे मी सांगायला नको.

मग एका सोमवारी भाऊजी स्वतः ग्रामपंचायतीत आले, सही केली आणि चहा न घेता निघून गेले. थोरल्या जाऊबाईंनी काहीतरी केलं असणार. काय बोलणं झालं ते त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “तुला काय करायचंय? झालं नं काम?” त्यांचं स्वतःचं नाव मात्र त्यांच्या हिश्श्यावर अजून नाही. आणि नणंदबाईंचं हक्कसोडपत्र, त्याचं तर काही करता आलं नाही. राखीला त्या येतात, तेव्हा तीच साडी नेसून येत नाहीत ना, हे मी उगाचच बघते.

मैत्रिणींनो, आता थोडं कामाचं. ग्रामपंचायतीत नमुना नंबर आठची वही असते, कर आकारणीची. आपल्या घराचा उतारा मागून घ्या, लाजू नका. गावात बरेच जण त्यालाच घराचा आठ-अ म्हणतात. त्यावर पत्नीचं नाव लावायला आमच्याकडं दोघांच्या सहीचा अर्ज, आधार आणि रेशनकार्ड एवढंच लागलं, खरेदीखत लागलं नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या बकापूर गावानं घरं बायकांच्या नावे करून दाखवली आहेत. अशक्य काही नाही.

पण एक गोष्ट खरी सांगते. ही नोंद म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, कोर्टात तेवढ्यावर निकाल लागत नाही. मग एवढा खटाटोप कशाला? तर खेड्यात घराचा दुसरा कागद असतो कुठं? लाइटचं मीटर, नळ, घरकुल, सगळीकडं हाच उतारा मागतात. शिवाय २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना आली आहे. ड्रोननं गावठाणाची मोजणी होते आणि भूमी अभिलेखवाले घराची मिळकत पत्रिका देतात. त्या चौकशीच्या वेळी ग्रामपंचायतीची वही बघितली जाते. तुमच्याकडं मोजणी व्हायची असेल, तर त्याआधी वहीतलं नाव बघून ठेवा. झाली असेल, तर पत्रिकेवर कुणाचं नाव आलंय ते बघा. विधवा बहिणींनी तर नक्कीच.

आमच्या गावात अजून फार नावं लागलेली नाहीत. बोटावर मोजता येतील एवढीच. पण आठवडी बाजाराला निघालेली एखादी बाई मधेच वाट वाकडी करून येते, “ते उतारा काय म्हनत होतीस गं?” विचारते. आपल्या गंगाखेडची जनाबाई, सगळा जन्म दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करून गेली. तिचं नाव सातशे वर्षं टिकलं, घर कुठं होतं? मला हे अधूनमधून सुचतं, आणि मग दळण घेऊन गिरणीवर जायचं राहून जातं.

ह्यांनी आमच्या हिश्श्यावर माझंही नाव लावलं, न सांगता. पावती आली तेव्हाच कळलं. पावतीवरची ओळ पुरली नाही, म्हणून माझं नाव खालच्या ओळीत आलं आहे, थोडं तिरपं.

धाकटीच्या घरकुलाचा पायरीपर्यंतचा पाया झाला, हप्ते सुरू झाले. तिची पावती आता वेगळी. परवा शिपाई घरपट्टी मागायला तिच्या दारात गेला, तर तिनं त्याला परत पाठवलं, दसऱ्यानंतर ये म्हणून. मी म्हटलं, “अगं, भरून टाक की. हवे तर मी देते.”

“राहू द्या अक्का,” ती म्हणाली. “नाव माहं हाय, थकबाकी बी माहीच राहू द्या की थोडे दिवस.”