कान्हेरीच्या म्हाताऱ्याने फिरंग्याला काय सांगितले?

नौपाड्यातील आमच्या शेजारच्या घरी एका संध्याकाळी इतिहासाचा धडा मोठ्याने वाचणे चालले होते. "कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला." वाचणारी मुलगी मध्येच थांबली आणि वडिलांना म्हणाली, "पप्पा, तिथे आधी माणसंच नव्हती का?" वडील नुकतेच पहिली पाळी करून आलेले, दमलेले. त्यांनी प्रश्न आमच्याकडे सरकवला. "भाऊ, तुम्हीच सांगा हिला."

आम्ही सांगितले ते तिथेच संपले नाही. बोलता बोलता गोष्ट आपल्या ठाण्याच्या डोंगरापर्यंत येऊन पोहोचली. तीच आज वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

माणसे होती, हे तर उघडच आहे. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला, त्याला तिथले ताइनो लोक ग्वानाहानी म्हणत. कोलंबसाने नाव बदलून सान साल्वादोर ठेवले. त्या लोकांनी पाहुण्यांना पोपट आणून दिले, कापसाच्या सुताचे गुंडे आणून दिले. आणि पाहुण्याने रोजनिशीत काय लिहिले? की हे लोक चांगले नोकर होतील! तो निघाला होता आपल्या हिंदुस्थानकडे, म्हणून त्या बिचाऱ्यांना नाव पडले 'इंडियन'. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत वेठबिगार, उपासमार आणि गोऱ्यांबरोबर आलेल्या देवीच्या साथीने त्या बेटांवरची ताइनो वस्ती जवळजवळ नाहीशी झाली.

१५१३ पासून स्पेनच्या सरदारांनी एक कागद सोबत बाळगला. नव्या मुलखात उतरले की तो स्पॅनिश भाषेत वाचायचा: पोपला आणि आमच्या राजाला माना, नाही मानले तर तुमच्यावर युद्ध करू, बायकामुलांना गुलाम करू, आणि त्याचा दोष तुमचाच. ऐकणाऱ्याला त्यातला एक शब्द कळत नसे. पण कागद वाचला, कायदा पुरा झाला! आयुष्यभर कचेरीत कागद हाताळणाऱ्या आमच्यासारख्याला हे वाचून अंगावर काटा येतो. स्पेनमध्ये सगळेच गप्प बसले असे नाही. बार्तोलोमे दे लास कासास नावाच्या पाद्र्याने आपल्याकडची वेठीची माणसे सोडून दिली आणि १५५२ साली या अत्याचारांवर युवराजाला उद्देशून पुस्तक छापले. त्याचीही नोंद घेतली पाहिजे.

आता ठाण्याकडे येऊ. १४९४ साली स्पेन आणि पोर्तुगाल या दोन राज्यांनी करार करून अनोळखी जग आपसात वाटून घेतले होते. पश्चिमेकडचे बहुतेक स्पेनला, पूर्वेकडचे पोर्तुगालला. आपण पोर्तुगालच्या वाट्याला आलो. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना तहाने दिला. साष्टी बेट त्यातच आले, आणि साष्टीतच आपले ठाणे. या मुलखातल्या कोळी, आगरी, भंडारी, कुणबी माणसांना कुणी विचारले होते? पुढे १५८० साली स्पेनचा राजा दुसरा फिलिप पोर्तुगालच्याही गादीवर बसला. म्हणजे १६४० पर्यंत, साठ वर्षे, मेक्सिको आणि पेरूचा जो धनी तोच ठाण्याचाही धनी होता. हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

पोर्तुगीज आले तेव्हा कान्हेरीच्या लेण्यांतून भिक्खुसंघ नाहीसा होऊन काही शतके लोटली होती. तिथे जोगी राहत होते. फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी त्यांना हलविले आणि लेणे क्रमांक ३, म्हणजे तिथले मोठे चैत्यगृह, सेंट मायकेलच्या नावाने प्रार्थनेसाठी घेतले. ज्या स्तूपापुढे आपले पूर्वज नतमस्तक झाले, त्याच्यापुढे क्रूस आला. मेक्सिकोत तर मोठे मंदिर पाडून त्याचे दगड नव्या बांधकामांना वापरले. कान्हेरी अखंड खडकात कोरलेली, म्हणून वाचली असेल, असे आपले आम्हाला वाटते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आज ठाण्यात, वसईत राहणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव हे त्या फिरंग्यांचे वंशज म्हणून कुणी बोट दाखवू नये. ते याच मातीतले, मराठी बोलणारे.

या काळात दियोगो दो कुतो नावाचा पोर्तुगीज हिंदुस्थानात होता. तरुणपणी शिपाई म्हणून आला, पुढे राजा फिलिपने त्याला इतिहास लिहिण्याच्या कामावर नेमले. गोव्याचे सरकारी दप्तरही त्याच्याच ताब्यात होते. म्हणजे आमच्याच जातकुळीचा, फायलीवाला! त्याच्या इतिहासाचा पाचवा भाग १६१२ साली छापला गेला. त्यात तो सांगतो की साष्टीत फिरताना कान्हेरी बघितली, आणि तिथे एका म्हाताऱ्याला विचारले, हे कोणी केले असेल? म्हातारा म्हणाला, यात शंकाच नको, संत जोसाफतच्या बापाने आपल्या मुलाला जगापासून दूर ठेवून वाढविण्यासाठी हे करविले.

हा जोसाफत कोण? त्या काळी युरोपात घरोघरी ठाऊक असलेला ख्रिस्ती संत. २७ नोव्हेंबर हा त्याचा स्मृतिदिन मानला जात असे. त्याची कथा अशी: हिंदुस्थानात एक राजा होता. त्याला पुत्र झाला. ज्योतिषाने भाकीत केले की हा संसार सोडून जाईल. बापाने त्याला महालात कोंडले, दुःख दृष्टीस पडू दिले नाही. पण एके दिवशी राजपुत्र बाहेर पडला. त्याने रोगी पाहिला, म्हातारा पाहिला, मरण म्हणजे काय ते त्याला कळले, आणि त्याने राज्य सोडले.

वाचकहो, पुढे सांगायची गरज आहे काय? आपल्या विहारात वैशाख पौर्णिमेला लहान मूलही ही कथा सांगते. 'बोधिसत्त्व' हा शब्द इराणी आणि अरबी भाषांतून जाताना 'बुदासफ' झाला, नुकत्याची चूक होऊन 'युदासफ' झाला, जॉर्जियन आणि ग्रीक मार्गाने लॅटिनमध्ये 'जोसाफत' झाला. तथागतांचीच कथा बाप्तिस्मा घेऊन चर्चमध्ये जाऊन बसली होती! युरोपातल्या पंडितांनी हे सिद्ध केले १८५९-६० च्या सुमारास. पण कुतोला शंका आली होती अडीचशे वर्षे आधी. सिंहलद्वीपात ज्याची थोरवी सांगतात तो 'बुदाओ' आणि आमचा जोसाफत एकच असावेत, असे तो लिहितो. ही शंका पक्की करायला त्याला साष्टीतल्या त्या म्हाताऱ्याचे बोलणे उपयोगी पडले.

म्हाताऱ्याचे नाव कुतोने दिले नाही. मोठमोठ्या कप्तानांची नावे त्या ग्रंथात भरली आहेत. हा म्हातारा बाटलेला असेल आणि पाद्र्याकडून जोसाफत ऐकला असेल, असे म्हणता येईल. तसे असेल तरी, चर्चमध्ये ऐकलेल्या गोष्टीची जागा त्याने नेमकी बुद्धलेण्यात दाखविली, हे कसे? आम्हाला वाटते, डोंगराखालच्या वस्तीत एका त्यागी राजपुत्राची काही आठवण शिल्लक असावी. हा पुरावा नव्हे, आमचे मत आहे.

आता दुसरी बाजू. १५६० साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लंकेतील जाफन्यावर स्वारी केली. त्या लुटीत भगवान बुद्धाचा दात म्हणून पुजला जाणारा अवशेष त्यांना मिळाला. ब्रह्मदेशात पेगूच्या राजाने तो परत मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. पण १५६१ साली गोव्यात आर्चबिशपने तो दात खलात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली. (खरा दात आपल्याकडेच सुरक्षित राहिला, असे सिंहली बांधव मानतात; तो कँडीच्या विहारात आहे.) पुढच्याच वर्षी, १५६२ साली, मेक्सिकोच्या युकातानमध्ये दिएगो दे लांदा या पाद्र्याने माया लोकांच्या पोथ्यांची होळी केली. आणि १५७१ साली काय घडले? व्हेनिसच्या राज्यप्रमुखाने पोर्तुगालच्या राजाला मौल्यवान भेट पाठविली: संत जोसाफतचे हाड! गोव्यात बुद्ध जाळायचा आणि लिस्बनमध्ये त्याच बुद्धाच्या नावाचे हाड भक्तिभावाने स्वीकारायचे. दोन्ही घटनांमध्ये अंतर फक्त दहा वर्षांचे.

फिरंग्यांना लेण्यांतला लेख मात्र कुणालाच वाचता आला नाही. घारापुरीचा एक शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला, तो तिकडेच नाहीसा झाला. कान्हेरीचे लेख जागेवरच राहिले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, मग ते बोलू लागले. आणि बोलले ते कोणाबद्दल? राजांबद्दल थोडे, कष्टकऱ्यांबद्दल आणि व्यापाऱ्यांबद्दल जास्त. कल्याणचा सोनार सामिदत्त याने संघासाठी पाण्याचे टाके दिल्याचा लेख तिथे आहे. कल्याणच्या लोहाराचे दान आहे, भिक्खुणींची दाने आहेत. रोज सकाळी आपण ज्या कल्याणच्या लोकलमध्ये लोंबकळतो, त्याच कल्याणची ही माणसे!

शेजारच्या त्या मुलीला आम्ही हे सारे सांगितले. तिने विचारले, "मग म्हाताऱ्याचं नाव कुठे लिहिलंय?" तिचे वडील म्हणाले, "कुठेच नाही, बाळा." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आपण जाऊ या तिकडे."

जाणाऱ्यांसाठी: नौपाड्यातून घोडबंदर मार्गे बसने बोरिवलीला जावे, तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजातून आत लेण्यांपर्यंत बस मिळते. सोमवारी जाऊ नये, बंद असते. डबा आणि पाणी घरून न्यावे. लेणे ३ च्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना सुमारे बावीस-तेवीस फूट उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत, त्या मुलांना आधी दाखवाव्यात. मग वर चढावे. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले टाके दिसेल. पावसाळा संपता संपता गेलात तर ती काठोकाठ भरलेली असतात.